पायरी बुडाल्यावरची चिठ्ठी

तेहरान, २० आजर १३५२

माझ्या मावशीच्या लेका नुसरत,

जिवंत आहेस, की आभाळाकडे बघून बघून मान आखडून गेली? गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर डोंगरांची हवा सांगितली. नेसार: बर्फ चार बोटं, स्कीचे उतार बंद. सलग पाचव्या गुरुवारी हेच. हैदर आधी रेडिओला शिव्या घालतो आणि मग माझ्याकडे असा बघतो, जणू नेसार माझं माहेर म्हणून बर्फ मीच अडवून धरलाय. पहिल्या चांगल्या शुक्रवारसाठी त्याची बस ठरलेली आहे. चाळीस माणसं फळ्या, काठ्या, काळे चष्मे घेऊन बसली आहेत. त्यातली निम्मी फक्त पडायला येतात, असं हैदर म्हणतो.

शेजारी अहवाजची एक बाई आली आहे. तिने जन्मात बर्फ पाहिलेला नाही. तिला मी आपली बर्फाची चिठ्ठी समजावून सांगत होते. म्हटलं, आमच्या गावी पहिला खरा बर्फ पडून ऊन निघालं की त्या दिवशी लोक एकमेकांना चिठ्ठी पाठवतात. आत एवढंच: बर्फ आमचा, जेवण तुमचं. ज्याने चिठ्ठी हातात घेतली तो हरला, त्याने पाठवणाऱ्याच्या सगळ्या घराला जेवू घालायचं. पण घेण्याआधी ओळखलं आणि आणणाऱ्याला धरलं, तर त्याला खांबाला बांधायचं, तोंडाला तव्याची काजळी फासायची, फावड्याच्या दांड्याने चार ठेवून द्यायचे, आणि मग जेवण पाठवणाऱ्याच्या गळ्यात. ती म्हणाली, "मारता म्हणजे खरंच मारता?" मी म्हटलं, माझ्या बापाचे दोन दात असेच गेले, आणि तो तोंडातलं रक्त थुंकत हसत होता. तेव्हापासून ती मला जरा लांबूनच नमस्कार करते.

तिला तुझी गोष्टही सांगितली. गेल्या वर्षी जबीहने चिठ्ठीवर बाहेरून लिहिलं होतं, "ही बर्फाची चिठ्ठी नाही. तुझी आई जिन्यावरून पडली. लवकर वाच." आणि तू ती हिसकावून घेतलीस. माझा भाऊ आहे, पण हरामखोर आहे. मावशी तुझ्याच मागे उभी राहून भाकऱ्या भाजत होती. गोतावळ्यासकट चाळीस जणांना मटणाचं आबगोश्त वाढताना तुझं तोंड कसं झालं होतं ते हैदर अजून करून दाखवतो.

ह्या वर्षी सांभाळ. जबीह वर खिंडीतल्या खोपीत एकटा राहून, दांड्या रोवून बर्फाची खोली मोजतो. एकट्या माणसाला विचार करायला वेळ फार.

तुझी मार खाल्लेली बहीण नव्हे, मार देणारी,
तूबा

*

नेसार, २९ आजर

मावशीच्या लेकी तूबा,

हस. हैदरलाही हसू दे. पण ह्या वर्षी तुझ्या भावाची चिठ्ठी मी घेतली, तर माझं नाव बदलून गाढव ठेव. मी शपथ घेतली आहे, इमामजाद्याच्या कबरीच्या जाळीला हात लावून. पायरी बुडाल्यावर पहिल्या उन्हाच्या दिवशी मी कुणाच्याही हातातून काहीही घेणार नाही. भाकरी नाही, पावती नाही, तार आली तर तारही नाही. ईरज आणि बख्तियार, लिफ्टवरची माझी दोन माणसं, त्यांना सांगून ठेवलंय. जबीहचा माणूस दिसला की आधी बांधायचा, मग विचारायचं. तव्याची काजळी डब्यात तयार आहे, तेल घालून कालवलेली, म्हणजे महिनाभर निघणार नाही.

फक्त बर्फाचाच पत्ता नाही. आबान महिन्यात चार बोटं पडला तो सियाहबंदच्या उतारावर, सावलीच्या अंगाला, तसाच बसून राहिला. इमामजाद्याची तिसरी पायरी बुडाल्याशिवाय आपल्याकडे पहिला बर्फ धरत नाहीत, म्हणून त्याला कुणी हिशेबात घेतलं नाही. आता तो दाणेदार झालाय, मुठीत धरला तर साखरेसारखा बोटांतून गळतो. जबीहला ते आवडलेलं नाही. म्हणतो, ह्याच्यावर मोठा बर्फ पडला तर चिकटणार नाही.

लिफ्ट-हॉटेल चालवणाऱ्या मोहंदेससाहेबांना मात्र काहीही चिकटलं तर हवंच आहे. हॉटेल रिकामं आहे आणि मालक तेहरानहून रोज ओरडतो. त्यांनी नवा नियम काढलाय: सकाळी आठला खोपीतून जबीहचा फोन यायचा. त्याने नको म्हटलं तर लाल झेंडा. त्याने काहीच म्हटलं नाही तर हिरवा. मी विचारलं, फोन बिघडला तर? म्हणाले, "नुसरत, तू लिफ्ट बघ."

मोठी हवा येतेय. गुडघा सांगतोय. हैदर आगाला म्हण, साखळ्या चाकांना घालूनच निघ.

नुसरत

*

तेहरान, १८ दै

नुसरत,

सातवा दिवस करून परत आले. घरात हैदरचे बूट दाराशीच आहेत, बाजूला सारायचं धैर्य होत नाही.

माती दिली त्या दिवशी मशिदीच्या दारात तू मला ओढून आत नेलंस, म्हणून मी सगळं बघितलं नाही. पण पुरेसं बघितलं. ईरजच्या बापाने जबीहला कॉलरला धरून पायऱ्यांवर आपटलं. बख्तियारच्या भावांनी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि फावड्याच्या दांड्याने मोडला. म्हणत होते, हा हात त्या सकाळी का हलला नाही. जबीह ओरडत होता की मी कळवलं होतं, करमअलीला पाठवलं होतं. पुन्हा पुन्हा तेच. मग त्याच्या तोंडावर लाथ बसली आणि ते शब्दही बंद झाले. त्याची खोप त्याच दुपारी जाळली म्हणे. शिपायांनी त्याला गाडीत घातलं ते मारापासून वाचवायला, असं मला वाटलं होतं. आता कळतंय, त्याच्यावर खटला भरणार आहेत. नऊ माणसं गेली आणि वरच्या माणसाने इशारा दिला नाही म्हणून.

मला आता तूच सांग. जबीह म्हणतो, वादळात फोनची तार तुटली होती, म्हणून शुक्रवारी पहाटे अंधारातच त्याने चिठ्ठी लिहून, वादळात वर अडकलेल्या करमअली खेचरवाल्याला खाली धाडलं. करमअली खाली पोचला का? तो कुठे आहे? त्याची बायको गुलअंदाम दारोदार विचारत फिरते आहे.

आणि दुसरं. हैदर लिफ्टच्या खालच्या खांबाशी काय करत होता? बारा वर्षं मी त्या माणसाला ओळखते. उतारू खाली सोडायचे, खिडकी लावायची, स्टिअरिंगवर पेला ठेवून चहा प्यायचा आणि झोपायचं. बर्फात तो कधी पाय घालत नसे. तुम्ही त्याला बाहेर काढलंत तेव्हा त्याच्या मुठीत पेल्याची पितळी कडी होती. चहा घेऊन तो कुठे निघाला होता?

लवकर लिही. मला झोप येत नाही.

तूबा

*

नेसार, २७ दै

तूबाजान,

तुला काय लिहू. तुझ्या पत्राला नऊ दिवस उलटले.

तुला ठाऊक आहे तेवढंच मलाही ठाऊक आहे. दोन दिवस दोन रात्री बर्फ पडला, कमरेच्या वर. गुरुवारी रेडिओने सांगितलं, नेसारला दीड मीटर ताजा बर्फ, शुक्रवारी लख्ख ऊन, स्कीसाठी उत्तम. त्या एका वाक्यावर अर्धं तेहरान निघालं. शुक्रवारी सकाळी मी आठपर्यंत फोनपाशी उभा होतो. फोन मुका. मोहंदेससाहेब घड्याळ बघत होते. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी स्वतः हिरवा झेंडा चढवला. मला साखरेची आठवण झाली का? झाली. मी बोललो का? नाही. हे मी कबूल करतो.

सव्वादहाला मी इंजिनाच्या दगडी खोलीत होतो. वरून एकच आवाज आला, कुणी मोठं जाजम झटकावं तसा. बाहेर पाहिलं तर सियाहबंदच्या माथ्यावर एक रेघ उमटली होती आणि रेघेखालचा सगळा डोंगर चालायला लागला होता. लोक धावत होते, फळ्या पायाला, धावता येत नव्हतं. वरचे तीन खांब गवतासारखे वाकले. खालचा खांब मुळापासून गेला. खोलीचं दार आत फुटलं आणि मी छातीपर्यंत गाडला गेलो. माझा एक हात मोकळा होता, म्हणून आज लिहितो आहे. ईरजला मी स्वतः उकरून काढला. त्याची मान उलटी होती. बख्तियारच्या तोंडात बर्फ इतका घट्ट बसला होता की बोटाने निघाला नाही.

करमअली खाली पोचला नाही. वाटेत खिंडीखाली गेला असेल, त्या वाटेवरही दोन ठिकाणी कडे सुटलेत. मी रोज काठी घेऊन शोधतो. हैदर बहुतेक लोकांना पडताना बघायला गेला असेल. चहा त्याच्या हातात होता, कारण थंडी होती.

जबीहवर मी रागावलेला नाही, असं त्याला सांग. एकटा माणूस, त्याला वाटलं असेल की आपण पाठवलं.

नुसरत

*

तेहरान, २० बहमन

नुसरत,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग जबीहला भेटायला गेले. तुरुंगाच्या दवाखान्यात आहे. हात वाकडा बसवलाय, बोटं आत वळली आहेत, लेखणी कधी धरता येणार नाही म्हणतात. मी त्याला म्हटलं, "खरं सांग, पाठवलं होतंस का? की झोपला होतास?" त्याने वाकडा हात पांघरुणाखाली घेतला. मग म्हणाला, "तूही?"

मी उठून आले. त्याच्यासाठी रांधून नेलेली डाळ-पालेभाजीची आश डब्यासकट परत आणली आणि गल्लीतल्या कुत्र्याला घातली. माझा नवरा गेलाय, नुसरत. मला कुणावर तरी हात उगारायचा होता, आणि तो माझ्या भावावर उगारला. त्यालाच मी म्हटलं, जन्मभर खोट्या चिठ्ठ्या पाठवल्यास, आता खऱ्याच्या वेळी कोण मानणार.

गुलअंदाम लिहवून पाठवते की गावात फक्त तूच रोज काठी आणि फावडं घेऊन करमअलीला शोधायला जातोस, बर्फ असो, वारा असो. बाकी सगळे थकले. तुझे उपकार आहेत. त्या बाईला निदान पुरायला काहीतरी मिळू दे.

खटल्याची तारीख पुढे गेली. सरकारी वकील म्हणतो, चिठ्ठी मिळाली असती तर गोष्ट वेगळी.

तूबा

*

नेसार, २५ उर्दिबहिश्त १३५३

तूबा,

करमअली सापडला. ओढ्यापाशी, जिथे बर्फ सर्वात शेवटी वितळतो. मला सापडला. त्याच दुपारी माती दिली.

ओढा खिंडीच्या वाटेखालीच आहे, म्हणजे मी म्हटलं तसंच, वाटेत गेला. जवळ काही नव्हतं. चिठ्ठी असली तरी पाण्याने गेली असेल.

सफरचंदांना मोहोर चांगला आहे. तब्येत सांभाळ.

नुसरत

*

तेहरान, ११ खुर्दाद

नुसरत,

तुझं पत्र आठ ओळींचं. तू कधी आठ ओळी लिहिल्या नाहीस. लहानपणी माझ्या नावाने गृहपाठाचा निबंध लिहून दिलास तेव्हाही तीन पानं लिहिली होतीस आणि मी मार खाल्ला होता.

पंधरा दिवसांपूर्वी गुलअंदाम आली. नेसारहून पहिल्यांदाच तेहरानला, दोन बस बदलून, एका पिशवीत करमअलीची टोपी घेऊन. ती बसली, चहा घेतला नाही, आणि म्हणाली, "तूबाखानूम, माझ्या नवऱ्याला न्हाऊ घालणाऱ्याने मला एक गोष्ट सांगितली. कुणाला सांगू नकोस म्हणाला. मी तुम्हाला सांगते."

तीन पाण्यांनी धुतलं, तरी करमअलीच्या तोंडावरचं काळं निघालं नाही. कानांमागे, नाकाच्या कडांना, भुवयांत. तेल घातलेली काजळी होती. आणि कमरेवर दोरीचा वळ होता, हाडापर्यंत गेलेला, पण दोरी नव्हती.

ती बाई नेसारची आहे, मीही नेसारची आहे. आम्हा दोघींना एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं नाही.

तेल घालून काजळी कालवलीय, हे तूच मला लिहिलं होतंस. ते पत्र माझ्या पेटीत आहे. काल काढून पुन्हा वाचलं. माणूस दिसला की आधी बांधायचा, मग विचारायचं. तू काठी घेऊन रोज का जात होतास तेही आता कळलं. दुसऱ्या कुणाला सापडायच्या आत तुला दोरी कापायची होती.

माझ्या हातात एवढंच आहे: एक जुनं पत्र आणि एका न्हाऊ घालणाऱ्याची कुजबुज, आणि तो कोर्टात उभा राहणार नाही. बोलू शकतोस असा तू एकटाच उरला आहेस. ईरज गेला, बख्तियार गेला. ह्या पंधरा दिवसांत मी तिकडे येऊन तुझा गळा दाबला नाही, कारण तुझ्या गळ्यातून मला आवाज हवा आहे.

परवा जबीहला भेटले. त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, जाऊ दे, आश आणलीस का.

खटला दै महिन्याच्या पंधराव्याला आहे.

तूबा

*

नुसरत,

खुर्दादपासून तू उत्तर दिलं नाहीस. सहा महिने. ठीक आहे.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. लिहून गुलअंदामजवळ ठेवते आहे. तिसरी पायरी बुडून पहिलं ऊन निघेल त्या दिवशी ती ते घेऊन चहाच्या दुकानात येईल, तू जिथे बसत असशील तिथे, सगळ्यांसमोर. तिने तोंडाला काजळी लावलेली असेल. तिची तीच लावणार आहे, मी सांगितलेलं नाही. आणणारा पकडायचा असेल तर तिला बांध. खांब दुकानातही आहे.

बाहेरून काय लिहू? ही बर्फाचीच चिठ्ठी आहे.

बर्फ आमचा. तोंड तुझं. त्या सकाळी काय झालं ते मोठ्याने सांग, आधी ईरजच्या बापाला आणि मग न्यायाधीशाला. तेवढंच जेवण मागते.

घ्यायची नसेल तर घेऊ नकोस.

तूबा

*

तेहरान, हाडांचा दवाखाना, २७ आजर १३५३

मावशीच्या लेकी तूबा,

अक्षर डाव्या हाताचं आहे. तीन दिवस लागले हे लिहायला. तू इथे खाली दाराशी येऊन परत गेलीस, असं नर्सने सांगितलं. ते बरोबर केलंस.

परवाच्या शुक्रवारी पायरी बुडाली आणि ऊन निघालं. मी सकाळपासून चहाच्या दुकानात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. तीसेक माणसं होती. गेल्या वर्षीच्या त्या दिवसानंतर गावात कुणी चिठ्ठी पाठवायची भाषा केली नव्हती. दार उघडलं आणि गुलअंदाम आत आली, तोंड काळंभोर. कुणीतरी हसलं, मग ते हसू तिथेच मेलं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतली.

वाचली. मग सांगितलं. जसं सांगितलं तसंच इथे लिहितो, कारण तुझा हक्क पहिला होता आणि तुला मी शेवटी सांगतो आहे.

करमअली नऊच्या सुमाराला आला. कमरेएवढ्या बर्फातून चार तास उतरून, मिशा गोठलेल्या, धापा टाकत. हातात कातड्याच्या बटव्यातली चिठ्ठी उंच धरली होती. लांबूनच ओरडत होता, "चिठ्ठी, जबीहची चिठ्ठी, ही ती नाही, घे." ही ती नाही, असंच तर प्रत्येक जण म्हणतो. आम्ही तिघं हसलो. ईरजने मागून मिठी मारली, बख्तियारने पाय धरले. खालच्या खांबाला बांधलं. काजळी मी फासली, माझ्या हाताने. दांड्याने पहिले दोन मीच मारले, आणि आता खोटं कशाला बोलू, ते खेळातले नव्हते. आदल्या वर्षीच्या चाळीस ताटांचा राग त्यात होता. त्याचा ओठ फुटला. तो रडायला लागला, आणि आम्हाला वाटलं, म्हातारा नाटक छान करतो. मोहंदेससाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, गावची रीत आहे. उतारू फोटो काढत होते; काजळीखाली कोण आहे ते ना त्यांना ठाऊक, ना साहेबांना. चिठ्ठी मी त्याच्या सदऱ्यात कोंबली, बर्फाच्या मुठीबरोबर. म्हटलं, जबीह जेवण घेऊन खाली येईपर्यंत सांभाळ. मग मी इंजिन चालू करायला गेलो. लिफ्ट सुरू केली. तासभर माणसं वर सोडत होतो.

हे सांगून संपलं. ईरजचा बाप उठला, सावकाश, समोवाराजवळ गेला, किटली उचलली आणि माझ्या खांद्यावर ओतली. मग सगळे आले. बाकं आडवी पडली. बख्तियारच्या भावांनी मला उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं आणि उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. तोच दांडा असेल नसेल, ठाऊक नाही. जबीहचा किती घावांत मोडला होता? माझा तिसऱ्यात. बरगड्या कुणी मोडल्या ते दिसलं नाही, मी तोंड खाली घातलं होतं. मी ओरडलो नाही असं तुला लिहावंसं वाटतं, पण ओरडलो.

गुलअंदामने थांबवलं. ती मध्ये येऊन माझ्यावर उभी राहिली, पाय दोन्हीकडे टाकून, काळ्या तोंडाने. म्हणाली, "पुरे. ह्याने चिठ्ठी घेतलीय. हा जेवण देणं लागतो. कोर्टात जाऊन देईल. मेला तर मला कोण देणार?" ईरजच्या बापाने दांडा खाली टाकला आणि बाहेर जाऊन बर्फात बसला.

दोरी मीच कापली होती, ओढ्याशी; उखडलेला खांब त्याला घेऊन तिथवर गेला होता. तो चाकू आणि ती दोरी गोठ्यात पुरलेली होती, आता शिपायांकडे आहे. चिठ्ठीही. हो, चिठ्ठी होती. करमअलीच्या सदऱ्यात, कातड्याच्या बटव्यात. पेन्सिलीने लिहिलेली, म्हणून पुसली नव्हती. तुला खोटं लिहिलं. सात महिने मी ती उशीत ठेवली आणि फाडू शकलो नाही. काल न्यायाधीशांचा माणूस येऊन माझा जबाब घेऊन गेला. अंगठा उठवला, डावा. जबीहला दै लागायच्या आत सोडतील म्हणाला. मला कधी सोडतील ते मी विचारलं नाही.

तू विचारलं होतंस, हैदर खांबाशी काय करत होता. तेव्हा मी टाळलं. त्याने बसमधून पाहिलं. खाली उतरला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सोड त्याला, नुसरत. म्हातारा खरंच रडतोय." मी म्हटलं, मेव्हण्याची बाजू घेतोस का, जा. तो बसमध्ये परत गेला. मी समजलो, झोपला. तो पेला भरून घेऊन आला होता. डोंगर सुटला तेव्हा तो खांबाशी वाकून एका हाताने गाठ सोडत होता. दुसऱ्या हातात पेला. हे मी दगडी खोलीच्या दारातून पाहिलं.

चिठ्ठी आता माझ्याकडे नाही, पण पाठ आहे. खाली उतरवून देतो. जबीहला दाखव, एखादा शब्द चुकला असेल तर तो सांगेल.

"नुसरत, तार तुटली म्हणून माणूस पाठवतोय. ही बर्फाची चिठ्ठी नाही. तुझा विश्वास बसणार नाही हे मला माहीत आहे, गेल्या वर्षीचं पाप माझंच. म्हणून आधीच हरतो. जेवण माझ्याकडे, सगळ्या गावाला. काळी मेंढी बांधून ठेवली आहे. तू जिंकलास, आता तरी हातात घे आणि वाच. सियाहबंद उघडू नकोस. खाली साखर आहे, वर दीड मीटर, काठी टेकली तरी डोंगर हुंकार देतो. लाल झेंडा लाव. करमअलीला मारू नकोस, पहाटेपासून चालतोय. त्याला चहा दे."

चहा हैदरने नेला, तूबा.

नुसरत